गुलाबाच्या कृतीतली सातवी ओळ

माझ्या नावाचं कार्ड ज्यांनी भर प्रदर्शनात उलटं ठेवलं, ते गृहस्थ माझ्या भिंतीपलीकडेच राहतात. आमच्या बागांमधली ती भिंत साडेचार फूट उंच आहे. मी टेप लावून मोजली आहे. पलीकडचा माणूस उभा असला तर छातीपर्यंत दिसतो, वाकला तर अजिबात दिसत नाही. पुढच्या हकिकतीत या उंचीचा संबंध येतो म्हणून ती आधीच सांगून ठेवतो. आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. मी त्या माणसाला माफ केलेलं नाही. लिहून काढल्यावर मन थोडं हलकं होईल असं वाटलं होतं. तसंही झालेलं नाही.

संस्थान विलीन झालं, त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी आम्ही राजारामपुरीत घर बांधलं. मी सरकारी दफ्तरात हेडक्लार्क. साडेदहा ते साडेपाच दुसऱ्यांचे आकडे तपासायचे, हे माझं काम. बावीस वर्षांत माझ्या सहीखाली चुकीचा आकडा गेलेला नाही. ही बढाई नव्हे. माझ्याकडं सांगण्यासारखं दुसरं काही नाही म्हणून सांगतो. वाडवडिलांची शेती नाही, तालमीतलं शरीर नाही, पेठेत वजन नाही. ‘हा माणूस म्हणतो ते तसंच असतं’ एवढीच माझी इस्टेट.

शेजारचे साहेब शेतकी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. शहरापासून पाच-सहा मैलांवर त्यांची उसाची शेती आणि स्वतःचं गुऱ्हाळ. दिवाळीनंतर गुऱ्हाळ सुरू झालं की आळीतल्या प्रत्येक घरी त्यांच्याकडून किटलीभर काकवी यायची. काकवी उत्तम असायची, हेही नोंदवलं पाहिजे.

आमच्या दोघांच्या जागांचं दुखणं एकच होतं. घरं बांधली जात होती तेव्हा सगळ्या आळीचा चुना मळण्याची घाणी याच दोन प्लॉटांवर होती. दगडी चाक, दोन बैल आणि सहा वर्षं सांडलेला चुना. वर मातीचा थर दिसायचा, पण वीतभर उकरलं की कुदळीला पांढरं लागायचं. साहेबांनी नदीकाठची गाळाची माती चाळीस गाड्या आणून टाकली आणि तिच्यात बावीस गुलाब लावले. मला ते शक्य नव्हतं. मी आहे त्या मातीत चौदा गुलाब लावले.

वर्षभरात चौदाही पिवळे पडले. पिवळेपणा विचित्र होता. पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, जणू कुणी हिरव्या शाईनं नकाशा काढला आहे. मी शेण घातलं, पेंड कुजवून घातली, हाडांचा चुरा घातला. काय, किती, कुठल्या झाडाला, सगळं वहीत लिहिलं. फरक शून्य. शेवटी साहेबांना विचारलं. ते भिंतीवर कोपर टेकून म्हणाले, “लोह मिळत नाही त्यांना. हिराकस ओता मुळाशी.”

हिराकस म्हणजे हिरवट खडे. आमच्याकडं चपला करणारे कातड्याला काळा रंग द्यायला वापरतात. मी त्यांच्याकडूनच आणली. झाडाला दोन तोळे, महिन्यातून एकदा, असं चार महिने मुळाशी ओतलं. झाडं पिवळीच राहिली. चुना खाली आ करून बसलेला होता, दिलेलं लोह तोच गिळत होता. हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

कळलं ते धांदरटपणामुळं. चौथ्या खेपेला नवव्या झाडापाशी तांब्या हातातून निसटला आणि पाणी पानांवर उडालं. आठ दिवसांनी बघतो तर पिवळ्या पानांवर हिरवे ठिपके. जिथं जिथं थेंब वाळला होता, तिथं तिथं हिरवं. एका पानावर मी अकरा ठिपके मोजले. बाकी तेरा झाडांवर एकही नाही. मी तिथंच मातीत बसलो. बायको म्हणाली, “पाय मुरगळला का?” मी म्हटलं, “नाही. पान जेवलं.”

त्यानंतर दहा महिने मी प्रमाण शोधत होतो. डास मारायचा पत्र्याचा हातपंप घेतला. जास्त हिराकशीनं पानं भाजली, कमीनं काही झालं नाही. रॉकेलच्या डब्याएवढ्या पाण्याला सहा तोळे, हे बसलं. हिराकस आंबट असते, तिची धार मारायला तीन तोळे चुन्याची निवळी. मुळाशी जो चुना वैरी, तोच पानावर कामी आला. फवारा पानाच्या पाठीवर, म्हणजे खालून मारायचा, कारण पोट मेणचट असतं आणि पाठ पाणी घेते. ऊन उतरल्यावर मारायचा. त्यासाठी वाकावं लागायचं, म्हणून रोज तिन्हीसांजेला मी काय करतो ते साहेबांना कधी दिसलं नाही. साडेचार फूट.

एक मोठी चूकही केली. पाणी पानावरून अळूवरच्यासारखं घरंगळायचं, ते चिकटावं म्हणून मी गूळ घातला. कोल्हापूरच्या माणसाला दुसरं काय सुचणार! आमच्याकडं बाळंतिणीला गूळ, बैलाला गूळ, पाहुण्याला गूळ. मग गुलाबालाही गूळ. वहीतली नोंद अशी आहे : तिसऱ्या दिवशी मुंग्या. नवव्या दिवशी कळ्यांवर मावा, मुंग्यांनीच आणून वसवलेला. चौदाव्या दिवशी पानांवर काजळी, बोटाला लागेल इतकी. चार झाडं बुडापर्यंत छाटावी लागली. बायको ती काजळी बघून म्हणाली, “चिकटायला गोड कशाला हवं? रिठ्याचं पाणी घाला की. रेशमी लुगड्यात शिरतं ते, पानात शिरणार नाही?” आठ रिठे रात्रभर भिजत घातले, कुटून गाळून ते पाणी डब्यात मिसळलं. थेंब घरंगळायचा थांबला. पानभर पातळ पसरून बसला. वहीत ही सातवी आणि शेवटची ओळ.

शेण-पेंड मी बंद केली नव्हती, हे स्पष्ट सांगतो. झाड पानावर जगतं असं मी कधीच म्हटलेलं नाही. पोटभर जेवण मुळातूनच. पण मुळाची वाट जिथं बुजली आहे, तिथं एवढं एक औषध पानातून जातं. माझा दावा एवढाच होता आणि आजही एवढाच आहे.

त्या हिवाळ्यात माझ्या गुलाबांची पानं इतकी गर्द हिरवी झाली की बायको ओळखीच्या बायकांना परसात आणून दाखवू लागली. फुलं बशीएवढी. जानेवारीत एका शाळेच्या हॉलमध्ये फुलांचं प्रदर्शन भरायचं. मी तीन फुलं नेली.

त्या प्रदर्शनाची रीत सांगतो. पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, शाईच्या धुतलेल्या बाटल्यांत फुलं, आणि प्रत्येक बाटलीसमोर लावणाऱ्याच्या नावाचं कार्ड. फूल स्वतःच्या बागेतलंच हवं. ते तसं नाही असं परीक्षकाला वाटलं तर तो कार्ड उलटं ठेवायचा. पण फूल मात्र हलवायचं नाही. ते संध्याकाळपर्यंत तिथंच राहायचं, उलट्या कार्डामागं. येणारा-जाणारा बघणार, विचारणार आणि सांगणारे सांगणार. ज्यानं ही रीत काढली त्याला माणसाला कुठं लागतं ते चांगलं ठाऊक असणार.

परीक्षक साहेबच होते. माझ्या बाटल्यांपाशी थांबले. फुलांकडं त्यांनी बघितलंच नाही, पान बोटांत धरून उलटसुलट केलं.

“ही कुठली?”

“माझ्या बागेतली, साहेब.”

“अहो हेडक्लार्क, तुमची बाग मला ठाऊक नाही होय? तिथं सहा वर्षं घाणी चालली आहे. त्या मातीत असलं पान येत नसतं.”

“मुळातून येत नाही. म्हणून मी पानातून दिलं. हिराकशीचं पाणी फवारून.”

मग मागून, जन्मभर संस्थानच्या बागेत राबलेला एक म्हातारा बागवान ओरडला, “आवो पावणं, पानाला त्वांड असतंय व्हय? मग सांजच्याला भाकरी बी चारा की त्याला, तांबड्या रश्श्याबरूबर!”

हॉल हसला. साहेबही हसले, आणि हसता हसताच म्हणाले, “तीस वर्षं शेतकी खात्यात काढली मी. झाड मुळानं जेवतं, पानानं श्वास घेतं. पोराटोरांच्या पुस्तकात आहे हे. आणि पुण्याच्या गाडीनं येणारे गुलाब कसे दिसतात, तेही मला कळतं.”

मग त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं माझं कार्ड उलटं केलं. हातसुद्धा लावला नाही.

मी वही आणली नव्हती. ती माझी चूक. माझ्या शब्दाला वही लागेल असं मला वाटलंच नव्हतं.

दुपारी बायको आली, बरोबर आळीतल्या चौघी. तिला काही ठाऊक नव्हतं. “कार्ड पडलंय वाटतं,” असं म्हणून तिनं ते सरळ केलं. तिथं उभ्या असलेल्या स्वयंसेवकानं तिच्यादेखत ते पुन्हा उलटं ठेवलं आणि हलक्या आवाजात कारण सांगितलं. त्या चौघी दुसऱ्या टेबलाकडं बघू लागल्या. बायको माझ्याकडं बघत राहिली.

सोमवारी दफ्तरात गेलो तर हजेरीबुकापाशीच कुणीतरी म्हणालं, “काय पुणेरी गुलाब, आलं का टपाल?” तेव्हापासून वर्षभर माझं नाव तेच. तपासलेली फाईल परत पाठवली की पलीकडून हळूच, “हे आकडे इथलेच ना, का पुण्याचे?” मी मान वर केली नाही. पण प्रत्येक वेळ मोजली. एकशे सेहेचाळीस.

माझं कार्ड सरळ झालं पाहिजे आणि ते त्याच माणसाच्या हातानं झालं पाहिजे. त्या वर्षात मला दुसरं काही नको होतं.

साहेबांच्या गुलाबांची मुळं पावसाळ्यात गाळाच्या मातीतून खाली चुन्यात उतरली. हे मला त्यांच्या आधी कळलं. गणपतीच्या दिवसांत आमच्या गच्चीतून त्यांच्या ताटव्याकडं बघताना एका शेंड्याचं पान फिकं दिसलं. दसऱ्यापर्यंत बावीसपैकी नऊ झाडं. दिवाळीत सतरा. पिवळं पान, हिरव्या शिरा. चहाचा कप घेऊन मी रोज गच्चीत जायचो. इतका गोड चहा मी आयुष्यात प्यायलो नाही, आणि मी साखर एकच चमचा घेतो.

मार्गशीर्ष लागला आणि एका संध्याकाळी भिंतीवर किटली टेकल्याचा आवाज झाला. “वहिनी, काकवी घ्या. आहेत का घरात?”

मी बाहेर आलो. साहेबांनी आधी हवेबद्दल बोलून घेतलं. मग आवाज उतरवून म्हणाले, “ते तुमचं पानावरचं... काय प्रमाण असतं हो?”

“पानाला तोंड नसतं ना, साहेब?”

“अहो, ते प्रदर्शन होतं. तिथं नियमानं वागावं लागतं. मनात धरता काय?”

“म्हणजे तुम्ही मानता?”

“करून बघायला हरकत नाही, एवढंच म्हणतो. लिहून द्या. तुमचं अक्षर छान आहे.”

अंगणात दुसरं कुणी नव्हतं. मला लबाड म्हणताना हॉलभर माणसं होती आणि माझी विद्या मागताना एक भिंत. तरीही मी एक संधी दिली. मोजून एक.

“यंदाच्या प्रदर्शनात तेवढं सांगाल का? गेल्या साली चूक झाली म्हणून?”

“आता ते कशाला उकरायचं? लोक विसरलेत की.”

“मी विसरलो नाही.”

“तुम्ही हेडक्लार्क. तुम्ही काहीच विसरत नाही,” म्हणाले आणि हसले. तेच हसू.

मी आत गेलो, कागद घेतला आणि कृती लिहिली. हिराकस हिरवीगार हवी, तांबूस पडलेली नको. डबाभर पाण्याला सहा तोळे. चुन्याची निवळी तीन तोळ्यांची. ऊन उतरल्यावर. पानाच्या पाठीवर. आठ दिवसांच्या अंतरानं तीन वेळा. सहाच्या सहा ओळी खऱ्या, एक आकडा मागंपुढं नाही. सातव्या ओळीसाठी टाक दौतीत बुडवला, आणि तिथंच ठेवला.

ते काय करतील हे मला ठाऊक होतं. पाणी घरंगळणार. आणि दर पावसाळ्यात हाच माणूस द्राक्षवेलाला मोरचुदाचं औषध मारताना आळीभर सांगायचा, “थोडी काकवी घालावी, औषध पान सोडत नाही.” पावसात ती काकवी धुऊन जायची, म्हणून निभायचं. हिवाळ्यात तिला धुणारं कुणी नव्हतं. कागद मी भिंतीवरून त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, घडी घालून खिशात ठेवला. आभार मानले की नाही, आठवत नाही. मानले असतील.

पहिल्या फवाऱ्यानंतर तिसऱ्या सकाळी भिंतीच्या माथ्यावरून मुंग्यांची रांग त्यांच्याकडं निघाली होती. आमच्याकडच्याही मुंग्या तिच्यात होत्या. मी अडवल्या नाहीत. दहाव्या दिवशी कळ्यांच्या माना माव्यानं हिरव्या-काळ्या झाल्या. त्यांनी दुसरा हात मारला, तिसरा मारला, आणि दर खेपेला काकवी. गच्चीतून मला किटली दिसायची. नाताळच्या सुमाराला बावीसही झाडांवर चुलीवरच्या तव्याच्या पाठीसारखी काजळी होती. मी वहीत पान काढून ठेवलं होतं, तारीखवार.

एके दिवशी बायको वाळवण काढायला गच्चीत आली. तिनं खाली बघितलं, मग माझ्याकडं.

“तुम्ही रिठा लिहिला नाही.”

“त्यांनी विचारलं नाही.”

“अहो, कागद तुमच्या अक्षरात आहे ना?”

“आहे.”

“मग झालं,” म्हणाली आणि पापडाची चादर गोळा करून खाली गेली. तिला काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. बावीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या माणसाला ते कळायला हवं होतं.

जानेवारीत पुन्हा तोच हॉल. या खेपेला मी सहा फुलं नेली आणि वही नेली. साहेब परीक्षक नव्हते. ते आले तेव्हा त्यांच्या एका हातात काजळीनं माखलेली फांदी होती आणि दुसऱ्या हातात माझा कागद.

प्रदर्शन समितीचे अध्यक्ष पेशानं वकील, वयस्कर. साहेबांनी फांदी त्यांच्यासमोर पांढऱ्या चादरीवर ठेवली. चादर काळी झाली.

“हा यांच्या हातचा कागद,” साहेब म्हणाले. आवाज हॉलभर जाईल असा. “मी तंतोतंत केलं, तीन वेळा. ही बघा दशा. आता सांगा, पानातून जेवण देऊन यांच्याकडं ते गुलाब आले कसे? मी गेल्या साली म्हणालो तेच खरं. त्या साली पुण्याचे, आणि यंदाचेही पुण्याचे.”

आणि मला बायकोचं बोलणं तेव्हा कळलं. माझ्या सूडानं त्यांची बाग काळी केली होती, हे खरं. पण ती काळी बाग आता माझ्याविरुद्ध साक्ष देत होती. कृती पूर्ण आहे म्हटलं तर मी लबाड, फुलं विकतची. अपूर्ण आहे म्हटलं तर मी जाणूनबुजून शेजाऱ्याची बावीस झाडं घालवली. तिसरं उत्तर नव्हतं.

वकिलांनी कागद चष्म्याजवळ नेला, वाचला, आणि एकच प्रश्न विचारला. “ही कृती पूर्ण आहे का?”

माझ्या हातात वही होती. माझी सहा फुलं समोर होती. म्हातारा बागवान गेल्या सालच्याच जागी उभा होता. दफ्तरातले दोघे दाराशी.

“नाही,” मी म्हणालो. “सातवी ओळ मी गाळली.”

“विसरलात?”

“नाही. मुद्दाम.”

“का?”

“यांनी इथं माझं कार्ड उलटं ठेवलं. मग भिंतीपाशी येऊन कृती मागितली. इथं येऊन चूक कबूल करा म्हटलं, तर नको म्हणाले. म्हणून गाळली.”

कुणी हसलं नाही. मग बागवानानं मांडीवर थाप मारली. “आरं तिच्या! म्हंजी पानाला त्वांड हाय म्हणा की, न्हाय तर एवढं कशापायी झालं असतं!”

वकिलांनी हात वर करून त्याला गप्प केलं आणि साहेबांकडं वळले. “यात तीन वेळा फवारा असं आहे. तुम्ही तंतोतंत केलंत म्हणता. मग या फांदीला मुंग्या कशा?” फांदीवर अजून चार मुंग्या फिरत होत्या. त्या मी आणल्या नव्हत्या.

“थोडी काकवी... चिकटायला,” साहेब म्हणाले.

“कागदात काकवी कुठं आहे?”

साहेब फांदीवरची मुंगी बोटानं झटकू लागले.

“आणि तुम्ही तीन वेळा फवारलंत ते कशाच्या भरवशावर? झाड मुळानं जेवतं ना?”

साहेबांनी फांदी उचलून पाठीमागं धरली. तो क्षण मी वहीत लिहिलेला नाही. त्याची गरज नाही.

वकील दोघा सभासदांना घेऊन तिथूनच टांग्यानं राजारामपुरीत आले. माझी चौदा झाडं बघितली. भिंतीपलीकडची बावीस बघितली. दोन्हीकडं कुदळीनं उकरायला लावलं, दोन्हीकडं चुना. माझी वही पहिल्यापासून वाचली, गुळाच्या पानावर जरा जास्त थांबले. “म्हणजे काय होणार हे तुम्हाला ठाऊक होतं,” म्हणाले. मी हो म्हणालो. त्यांनी वही मिटून परत दिली.

हॉलमध्ये आल्यावर त्यांनी निकाल सांगितला. फुलं याच माणसाच्या बागेतली, या साली आणि गेल्या साली. तशी नोंद प्रदर्शनाच्या बुकात होईल. बक्षीस मात्र मिळणार नाही. “बागवानी ही शेजारधर्माची गोष्ट आहे,” एवढंच कारण त्यांनी दिलं.

मी म्हणालो, “बक्षीस नको. माझं गेल्या सालचं कार्ड मी जपून ठेवलं आहे. ते या फुलांसमोर उलटं ठेवतो. ज्यांनी उलटं केलं त्यांनी ते सरळ करावं.”

वकील म्हणाले, “हे जरा जास्त होतंय.”

मी म्हणालो, “होय.” आणि कार्ड ठेवलं.

साहेबांनी आजूबाजूला बघितलं. दारातल्या लोकांनी वाट दिली नव्हती. मग त्यांनी कार्ड सरळ केलं. पेन्सिलीनं नव्हे, बोटांनी. अंगठा आणि तर्जनी. बोटांना फांदीची काजळी होती, तिचा ठसा माझ्या नावाशेजारी उमटला. ते कार्ड ठशासकट माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

दफ्तरात ‘पुणेरी गुलाब’ बंद झालं. त्या जागी आता ‘सातवी ओळ’ म्हणतात. कागद माझ्यापुढं ठेवताना एखादा म्हणतो, “सगळ्या ओळी आहेत बघा हो, एखादी गाळाल!” हेही नाव मी मोजायला सुरुवात केली होती, पण सोडून दिलं. हे खरं आहे, आणि खऱ्याचा आकडा ठेवून काय करायचं? ‘हा माणूस म्हणतो ते तसंच असतं’ असं आजही म्हणतात. पुढं फक्त एक वाक्य जोडतात : ‘पण तो सगळं म्हणतो का ते बघा.’ बायकोनं महिनाभर तो विषय काढला नाही. मग एकदा भाकरी वाढताना म्हणाली, “चार शब्दांचं काम होतं. एक ओळ लिहिली असती तर बक्षीस आपल्याकडं असतं.” मी म्हटलं, “आणि कार्ड?” ती टोपली उचलून आत गेली.

सातवी ओळ मी त्यानंतर मागेल त्याला दिली. म्हाताऱ्या बागवानाला दिली, वकिलांना दिली, दफ्तरात मला चिडवणाऱ्यांनाही दिली. बागवान परवा रस्त्यात भेटला. “पावणं, पोटभर जेवत्यात बघा पानं,” म्हणाला. साहेबांनाही ती आता नक्की ठाऊक असणार, सगळ्या पेठेला ठाऊक आहे. पण त्यांनी माझ्याकडं ती मागितलेली नाही, आणि मागितल्याशिवाय मी देणार नाही.

त्यांनी गुलाब छाटले, पुन्हा फुटवे आले, पुन्हा पिवळे पडले. काकवी आता आळीत सगळ्या घरी जाते, आमच्याकडं येत नाही. रोज तिन्हीसांजेला मी माझ्या झाडांशी वाकलो की पलीकडं साहेब काय करतात ते मला दिसत नाही. पण त्यांना सातवी ओळ वापरायची झाली तर आधी रिठे कुटावे लागतील, आणि साडेचार फुटांच्या भिंतीवरून कुटण्याचा आवाज सहज येतो. मी पंप खाली ठेवून ऐकतो. अजून आलेला नाही.